समक्ष

बाबांच्या नावाआधी 'मयत' हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तो कोर्टाच्या समन्सवर. तेरावा आदल्या दिवशीच झाला होता. तेरा दिवस येणारे-जाणारे 'सर गेले' म्हणत होते, 'सुटले' म्हणत होते, मावशी तर फोनवर 'आपल्यातून' एवढंच म्हणून थांबायची. हा शब्द कोणी उच्चारला नव्हता. तो सरकारने उच्चारला, छापील फॉर्मवर, निळ्या पेनाने. 'मयत पंच क्र. १ गोपाळराव शिरडकर, सेवानिवृत्त शिक्षक, रा. वसमत, यांची सही ओळखणेकामी त्यांची मुलगी कालिंदी हिने जातीने हजर राहावे.' मी नांदेडला राहते, एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, वसमतला केवळ बाबांच्या दिवसांसाठी आलेली आहे, आणि तरी हा कागद बरोबर या दारात आला होता. मी इथे आहे हे कोणीतरी पाहून ठेवलं होतं, हे मला आधी जाणवलं. कशासाठी बोलावलंय ते नंतर.

कागद आणणारा पोलीस टोपी काखेत धरून फाटकात उभा होता. मी वाचत होते तेवढ्या वेळात त्याने आतला फोटो, हार, भिंतीशी रचलेली भाड्याची भांडी, सगळं पाहून घेतलं. "मी शंकरसिंग, ताई," तो म्हणाला. "सर आपल्याला चांगले वळखत होते. ठाण्यात आले की पहिला चहा मीच आनायचो सरला." बाबा ठाण्यात यायचे, हे मला माहीत नव्हतं. तसं मी म्हणाले. "अहो ताई! पंच म्हनून. सरसारखा पंच न्हवता दुसरा. आजकाल पंच म्हंजे कोन? पानटपरीवाला. कोर्टात गेला की फुटला. सर एकबी टाइम फुटले न्हाई." भांड्याबद्दल बोलावं तसं तो बोलत होता, कौतुकाने, बोटाने वाजवून पाहिल्यासारखं. काम पाच मिनिटांचं आहे, म्हणाला. पंच मेला की, माफ करा, पंच गेला की सही ओळखायला घरचं माणूस लागतं, कायद्यातच तसं आहे. "साहेब विचारतील, ही सही तुमच्या वडलाची हाय का? तुमी म्हनायचं, व्हय. झालं. चहा प्यायचा, घरी यायचं." मग त्याने खिशातून एक घडी घातलेली झेरॉक्स काढली. "हे ठेवा. आधीच बघून ठेवा, म्हंजे तिथं घाबरल्यावानी व्हनार न्हाई. सर मला दिवाळीतच म्हनले होते, शंकरसिंग, तू फिकर नको करू, कोर्टात मी बराबर म्हणीन. आन् तारीख लागायच्या आत हे असं." समन्सवर पोच द्यायला त्याने स्वतःचं पेन पुढे केलं. मी सगळा कागद पुन्हा वाचून मगच सही केली, तर तो एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला. "वाचा, वाचा. सर बी वाचायचे," म्हणाला. हे त्याने का सांगावं, ते मला कळलं नाही. मी विचारलं नव्हतं.

झेरॉक्स पंचनाम्याची होती, तीन पानं. तीन वर्षांपूर्वी हळदीच्या एका गोदामात चोरी झाली होती, राखणदाराचं डोकं फोडलं होतं. आरोपी हनुमान मसाजी, वय एकवीस, राहणार हट्ट्याजवळची एक वस्ती, धंदा मेंढरं राखणे. दिनांक नऊ मार्च दोन हजार बावीस, सकाळी साडेदहा. 'सदर आरोपीने आम्हां पंचांसमक्ष, कोणाच्याही दबावाशिवाय, स्वखुशीने सांगितले की, चोरलेली पोती मी ओढ्यात लपवली आहेत, चला, दाखवतो.' मग त्याने दाखवली. चार पोती. सगळ्या खटल्यात त्या मुलाला गुन्ह्याशी जोडणारा हा एकच कागद असावा, हे मला वकील नसतानाही कळत होतं, कारण राखणदाराने अंधारात कोणाला ओळखलं नाही, हे त्याच कागदात वर लिहिलेलं होतं. शेवटच्या पानावर, दुसऱ्या कोणाच्या तरी घाईच्या अक्षरातला मजकूर संपल्यावर, ठळक, सुटं, फळ्यावरचं अक्षर होतं. 'वाचून पाहिले, बराबर आहे.' खाली सही.

पहिल्यांदा मला वाटलं, ही सही खोटी असेल. ती खोटी असावी अशी माझी इच्छा होती, असं म्हणणं जास्त खरं. पण तो एक शब्द आड येत होता. बाबांचे वडील निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले. आमच्या घरात 'बरोबर' कधी कोणी म्हटलंच नाही. बाबा गॅसच्या पावतीवर, माझ्या प्रगतिपुस्तकावर, लग्नाच्या आहेराच्या यादीवर 'बराबर' लिहायचे. शाळेतले मराठीचे गुरुजी त्यावरून त्यांना टोचायचे, तर म्हणायचे, "शुद्धलेखन तुमचं, तोंड माझं." खोटी सही करणाऱ्याने, आणि तेही सेवानिवृत्त शिक्षकाच्या नावाने, शुद्ध लिहिलं असतं. अशुद्ध होतं म्हणून ते खरं होतं. म्हणजे सही खरी होती, आणि ज्याच्या खाली ती होती ते खोटं होतं. हे मला माहीत होतं. पोलीस आणि तो मुलगा सोडले तर जगात आता ते फक्त मलाच माहीत होतं.

कारण नऊ मार्चला सकाळी साडेदहाला बाबा नांदेडला, ऑपरेशन टेबलावर होते. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू. तारीख मी विसरणं शक्य नाही. आदल्या दिवशी महिला दिन, कॉलेजने सगळ्या बायकांना एकेक गुलाब दिला होता आणि तो माझ्या पर्समध्ये चुरगळून पडला होता. दवाखान्याच्या बाकावर मी त्याच्या पाकळ्या वेचून काढत बसले होते. दहाला त्यांना हिरवी टोपी घालून आत नेलं, सव्वाअकराला बाहेर आणलं, डोळ्यावर पट्टी, हातांनी हवा चाचपत. "कालिंदी, तूच ना?" म्हणाले. "नाही, नर्स," मी म्हणाले, आणि ते इतके हसले की नर्सच रागावली. पुढचे दहा दिवस ते माझ्या घरी होते. दुसरा डोळाही अधूच होता. मी पेपर वाचून दाखवायची, तासातासाला थेंब घालायची, ताटातल्या वाट्या घड्याळासारख्या सांगायची, बाराच्या जागी भाजी, तीनच्या जागी वरण. आई गेल्यानंतर एवढे दिवस आम्ही एका छपराखाली राहिलो ते तेव्हाच. त्यांचा फोनही मीच उचलायची. अकरा तारखेला एक फोन आला, "सरला द्या." मी त्यांच्या कानाला लावून धरला. बाबा म्हणाले, "आल्यावर करतो की. सही काय कुठं पळून चालली का?" आणि मी हसले. थेंबांची बाटली हातात धरून मी हसले होते, हे मला झेरॉक्स वाचताना जसंच्या तसं ऐकू आलं. समक्ष या शब्दात डोळा आहे. अक्ष. डोळ्यांसमोर. ज्याच्या डोळ्यावर पट्टी होती त्याच्या डोळ्यांसमोर त्या पोराने स्वखुशीने सांगितलं होतं.

बाबा नागरिकशास्त्र शिकवायचे. खरं तर इतिहास आणि नागरिकशास्त्र. पण इतिहासात सगळ्यांनाच गोडी असते, नागरिकशास्त्र म्हणजे वीस मार्क, शेवटच्या आठवड्यात उरकायचं. बाबा उलटं करायचे. जूनमध्ये पहिल्या तासाला मूलभूत हक्क. मी त्यांच्याच वर्गात होते. ते फळ्यावर घटनेतलं वाक्य जसंच्या तसं लिहायचे, 'कोणत्याही व्यक्तीस', आणि पुढे 'तिचे जीवित किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य'. त्या 'तिचे'वर मुलं फिदीफिदी हसायची. बाबा खडू थांबवून म्हणायचे, "व्यक्ती स्त्रीलिंगी आहे. घटनेत शिरला की पैलवानसुद्धा ती होतो." मला पुढे बरीच वर्षं वाटत राहिलं की ते वाक्य कुठल्यातरी एका विशिष्ट बाईबद्दल आहे, तिला कोणीतरी घेऊन जायला आलं आहे आणि हे वाक्य दारात आडवं उभं आहे. एकदा त्यांनी आम्हाला त्या प्रकरणातले सगळे 'नाही' मोजायला लावले. करणार नाही, नाकारणार नाही, सक्ती केली जाणार नाही, चोवीस तासांपेक्षा अधिक काळ ठेवले जाणार नाही. "का एवढे नाही?" त्यांनी विचारलं. मग स्वतःच सांगितलं. "कारण हे तुम्हाला सांगितलेलं नाही. सरकारला सांगितलंय. ज्याच्या हातात दंडुका त्याच्यावर भरवसा टाकायचा नाही, म्हणून लिहून ठेवलेलं आहे हे. संशयानं लिहिलंय." माझा संशयी स्वभाव आईकडून आला, असं नातेवाईक म्हणतात. तसं नाही. तो मला आठवीत, जूनच्या पहिल्या आठवड्यात शिकवण्यात आला.

आणि मग तोच माणूस, ठाण्यात, चहा पीत. मी ते डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न करत होते आणि ते येत होतं, हेच वाईट होतं. कडुनिंबाखाली प्लास्टिकची खुर्ची. फौजदार त्यांचाच विद्यार्थी असणार, या भागात अर्धं सरकार त्यांचं विद्यार्थी आहे. 'सर, तुमच्यासारखा शिकलेला पंच समोर असला की आमच्या माणसांनाही वेडंवाकडं काही करता येत नाही.' असं काहीतरी तो म्हणाला असेल, आणि बाबांना ते पटलं असेल. कारण ते खरंच आहे. पंच ठेवतात ते त्यासाठीच, पोलिसांवर भरवसा नको म्हणून, बाहेरचे दोन डोळे. पहिल्या वेळी ते नक्की गेले असतील, ओढ्यात उतरले असतील, पोती मोजली असतील, हवालदाराचं ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं असेल. पुढे कधीतरी मजकूर त्यांना वाचून दाखवला गेला असेल. मग नुसता सांगितला गेला. मग फोनवर. वाचणं नेमकं कोणत्या दिवशी थांबलं, हे मला हवं होतं. तसा दिवस नसतो, हे कळत असूनही. निवृत्त झाल्यावर आणि आई गेल्यावर 'सर' म्हणून त्यांची वाट पाहणारी तेवढी एकच जागा उरली होती का? मी आठवड्याला एकदा फोन करायची. चाळीस किलोमीटर. बस तासाला एक. या हिशेबावर मी आले की मला त्यांच्याऐवजी माझाच संशय येऊ लागायचा, आणि त्यात एक सोय होती, म्हणून मी त्याचाही संशय घेत होते. स्वतःला दोष दिला की त्यांची सही जरा कमी त्यांची होते.

समन्सनंतर चार दिवसांनी, दुपारी, एक बाई आली. गल्लीत हळद वाळत घातलेली, तिच्या पावलांना पिवळं लागलं होतं आणि ती ते पायरीवर घासून काढत होती. मी खुर्ची दिली, ती पायरीवरच बसली. "मी भागाबाई. हनुमानची माय." मी चहा विचारला नाही. ती फोटोकडे पाहून म्हणाली, "काहून आली म्हनून इचारा की, बाई. मनात हाय तुमच्या."

"काहून आलात?" मी म्हणाले. तो शब्द कित्येक वर्षांनी माझ्या तोंडातून गेला.

"भेटायला. मानूस गेल्यावर मानूस जातंय. मालक म्हनला, जाऊ नको, बाई म्हनंल दबाव आनून राहिली. म्या म्हनलं, मसाजी, मला मेंढरं हाकलता येतेत. मान्सं न्हाई येत."

मी हसले नाही. तिला त्याचं काही वाटलं नाही. तिने स्वतःच सांगायला सुरुवात केली, रडगाणं नव्हतं ते, बाजारातली हकिगत सांगावी तसं. "शनवारी उचललं त्याला, रानातून. मेंढरं तितंच. मंगळवारी कागदावर घेतलं. मधी आमी ठाण्याम्होरं बसून, तर म्हनतेत इथं न्हाईच तो. आतून खोकलून राहिला व्हता, आईला वळखू येत न्हाई का खोकला? सोमवारी ह्यो शहाना साहेबाला म्हनला, साहेब, चोवीस तास कवाच झाले. मंग तर लईच हानलं. वकील झाला का बे, म्हनून." तिने पावलावरची हळद पुन्हा पायरीला घासली. "तुमच्या वडलानं शिकवलं व्हतं त्याला ते. आठवीत. पोरगं धा येळा म्हनायचं घरी, चोवीस तास, चोवीस तास. मेंढराला बी सांगायचं. म्या मास्तरला ह्याच पायरीवर म्हनलं, मागल्या पावसाळ्यात, तुमी असलं काहून शिकवता हो लेकराला? न शिकवता तर मार कमी बसला असता."

"बाबा काय म्हणाले?"

"काय म्हनतेत. पानी आना म्हनले आत बघून. आत कोन हाय? मंग आपलेच उठले, मलाच पानी आनून दिलं. आन् म्हनले, भागाबाई, कोर्टात मी बराबर म्हणीन."

ती गेल्यावर मी ती पायरी पुसली, मग ती का पुसली म्हणून तिथेच बसून राहिले. बाबांनी दोघांना एकच वाक्य दिलं होतं. शंकरसिंगला ते असं ऐकू आलं होतं की कोर्टात विचारलं की ते म्हणतील, बराबर आहे, जसं पंच म्हणतात, जसं त्यांनी कागदावर लिहिलंच होतं. भागाबाईला असं ऐकू आलं होतं की ते खरं काय ते सांगतील. दोघेही आपापल्या परीने निश्चिंत होऊन गेले. आमच्या भागातला हा शब्द असा आहे की तो हो म्हणायलाही चालतो आणि खरं म्हणायलाही, आणि बाबांनी, आयुष्यभर शब्दाचं लिंग तपासून देणाऱ्या माणसाने, तो न कळून वापरला असेल यावर माझा विश्वास बसत नव्हता. की ठरलंच नव्हतं त्यांचं? की तिला पाणी देताना खरं होतं आणि शंकरसिंगला सांगताना भीती? मी प्रत्येक वाक्याला त्यांचा चेहरा लावून पाहिला. दोन्हींना बसत होता. ही बाईसुद्धा कशावरून खरं बोलत होती? बाबांचा तो शब्द तिला कुठून तरी कळला असेल, वकिलाने शिकवून पाठवलं असेल. खोकल्याचं मात्र शिकवून पाठवता येत नाही, असं मला वाटलं. मग वाटलं, येतं.

दवाखान्याचं कार्ड त्यांच्या फायलीत नीट लावलेलं होतं, तारीख, वेळ, कोणता डोळा, शिक्का. शेजारीच बाबांच्या मृत्यूचा दाखला. वेळेच्या रकान्यात 'पहाटे, अंदाजे'. दूधवाल्याने हाका मारल्या, मग शेजाऱ्यांनी दार तोडलं, मी अकराच्या बसने पोचले. ते गेले तेव्हा समक्ष कोणी नव्हतं. तो 'अंदाजे' मला इतके दिवस खुपत होता, कोणीतरी काहीतरी लपवत असल्यासारखा. पण लपवायला तिथे कोणी असावं लागतं. मी कार्ड पर्समध्ये ठेवलं. काढलं. पुन्हा ठेवलं. मला काहीही खोटं बोलायचं नव्हतं, हे विशेष होतं. सही त्यांची आहे का? आहे. एवढंच विचारणार होते, आणि एवढं म्हणून परत येणं पूर्णपणे खरं, पूर्णपणे कायदेशीर होतं. बाबांचं नाव राहिलं असतं. सही करणारा मेला होता, ती करवून घेणारे बदली होऊन गेले असतील, आणि एक मुलगा तीन वर्षं आतच होता, त्याला जामीन राहायला कोणी मिळालं नव्हतं. सक्ती केली जाणार नाही, असं घटनेत लिहिलंय. पण झाली हे सांगायला कोणीतरी लागतं. पुस्तक स्वतः उठून साक्ष द्यायला जात नाही. आदल्या संध्याकाळी शंकरसिंगचा फोन आला. "ताई, उद्या तारीख. गाडी पाठवू का?" मी नको म्हणाले. "ऊन लई हाय म्हनून म्हनलं," तो म्हणाला, आणि त्या मायेत मला दुसरं काहीतरी दिसलं. ते तिथे नसेलही.

कोर्टाच्या व्हरांड्यात हनुमानचा वकील भेटला, धम्मानंद नावाचा तरुण, काखेत फायलींचा गठ्ठा. "मी कोर्टानं दिलेला वकील, ताई. फुकट म्हणल्यावर लोक मला फुकटच्या औषधासारखे बघतेत, घेतेत पन गिळत न्हाईत." मी पर्सच्या चेनला हात लावला. "सही वडिलांचीच हाय ना? मग मी तुमाला काही विचारत न्हाई. पंच गेलेला, लेकीला उलटतपासात खेचायचं, बरं दिसत न्हाई." तो चांगुलपणाने बोलत होता. मी तोंड उघडलं तेवढ्यात दुसऱ्या दालनातून त्याच्या नावाचा पुकारा झाला आणि तो पळाला. मला सुटल्यासारखं झालं, आणि त्या सुटण्याची मला किळस आली. आत गेले तर हनुमान पिंजऱ्यात उभा होता. वाळकं पोरगं, शर्ट धुतलेला पण इस्त्री नाही. त्याने मला पाहून हात जोडले. मला वाटलं, विनवणी आहे, आणि मी मान फिरवली. मग ऐकू आलं, हळूच, शिपायाला न कळेल असं, "सर गेल्याचं कळलं, ताई."

न्यायाधीश बाई माझ्याच वयाच्या होत्या, चष्मा कपाळावर सरकवून कागद पाहणाऱ्या. शपथ झाली. सरकारी वकिलाने मूळ पंचनामा पुढे केला. झेरॉक्सपेक्षा तो जुना वाटत होता. बाबांच्या शाईला निळा रंग होता हे मला आता कळलं. "ही सही कोणाची?"

"माझ्या वडिलांची."

"वरच्या ओळीतलं अक्षर?"

"त्यांचंच."

बाईंनी ते सांगितलं, टायपिस्टने टाइप केलं. धम्मानंद धापा टाकत येऊन पोचला होता, तो अर्धवट उठून म्हणाला, "उलटतपास नाही." "झालं. या तुम्ही," बाई म्हणाल्या. पाच मिनिटंसुद्धा लागली नव्हती. मी कठड्यावरचा हात काढायला पाहत होते आणि तो निघत नव्हता. बाबा असते तर इथेच उभे राहिले असते, इथेच, आणि ते काय म्हणाले असते हे मला आता कधीही कळणार नव्हतं. कोणाच्याही तोंडून नाही. मी कितीही संशय घेतला तरी तो आता कुठे पोचणार नव्हता. उरलं होतं ते मला माहीत असलेलं, एवढंच.

"मॅडम, मला आणखी सांगायचं आहे."

सरकारी वकील उठले. "साक्षीदाराला फक्त सहीपुरतं बोलावलंय—"

"काय सांगायचंय?" बाईंनी चष्मा खाली ओढला.

"यात जी तारीख, जी वेळ लिहिली आहे, तेव्हा बाबा तिथे नव्हते. सही त्यांनी नंतर केली. ती मागायला फोन आला तो मी उचलला होता."

टायपिंगचा आवाज थांबला. दारातून शंकरसिंगने आत पाहिलं. धम्मानंदने हातातल्या फायली बाकावर ठेवल्या, एकेक करून, जणू त्या फुटतील. सरकारी वकिलांचा आवाज एकदम मऊ झाला. "तुम्ही नांदेडला राहता. वडील इथे. हे खरं आहे?"

"हो."

"ते कधी कुठे जातात, कोणाला भेटतात, हे रोज तुम्हाला कळत नव्हतं."

"नाही. कळत नव्हतं."

"ते वारले तेव्हासुद्धा तुम्ही त्यांच्याजवळ नव्हता."

"याचा काय संबंध?" बाई म्हणाल्या, पण मी तोवर उत्तर दिलं होतं. "नव्हते," म्हणाले होते. ते खरं होतं, आणि शपथेवर होतं.

"म्हणजे तुमचे वडील, एक प्रतिष्ठित शिक्षक, खोट्या कागदावर सही करायचे, असं तुमचं म्हणणं आहे? हो किंवा नाही सांगा."

"बाकीच्यांचं मला माहीत नाही. या कागदावर केली. हो."

ते बसले. बाईंनी ते वाक्य टायपिस्टला लगेच सांगितलं नाही. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या, आणि मला वाटलं, त्यांनाही माझा संशय येतो आहे, यायलाच हवा, त्यासाठीच त्या तिथे बसल्या आहेत. मी दवाखान्याचं कार्ड काढून कठड्यावर ठेवलं. त्यांनी त्याच्याकडे हात केला नाही.

"ते तिथे नव्हते म्हणता," त्या सावकाश म्हणाल्या. "मग त्या वेळी तुमचे वडील होते कुठे?"

"माझ्याजवळ," मी म्हणाले. टायपिस्टला ऐकू गेलं नाही म्हणून त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. "माझ्याजवळ होते."